पाठवणी शेवटच्या कडेला असते: आत्याच्या घरच्या डीव्हीडी फाइलींमध्ये आणताना

नाशिकच्या आत्याकडे कपाटाच्या खालच्या कप्प्यात चाळीसेक डिस्क होत्या. दादाच्या, म्हणजे माझ्या आत्येभावाच्या, 2006 सालच्या लग्नाचा तीन डीव्हीडींचा संच. धाकट्या नातवाच्या बारशाच्या आणि वाढदिवसांच्या हँडीकॅमवाल्या छोट्या डिस्क. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची व्हीएचएस कॅसेट पुढे कुणीतरी डीव्हीडीवर उतरवून दिली होती, तीही. बाकी विकत घेतलेले सिनेमे, थोडी नाटकं आणि व्हीसीडींची एक चळत. डीव्हीडी प्लेअर बंद पडला होता. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या ताईने तर भावाच्या लग्नाची डिस्क कधी धड पाहिलीच नव्हती, कारण तिच्याकडचा प्लेअर अमेरिकेतला. आपल्याकडची डिस्क पाल पद्धतीची, सेकंदाला 25 फ्रेम आणि 720 बाय 576 ठिपके. तिकडची पद्धत एनटीएससी, 29.97 फ्रेम आणि 720 बाय 480. तिकडचे बरेच प्लेअर पाल डिस्क घेतच नाहीत.

आत्याची मागणी साधी होती. "टीव्हीला पेनड्राइव्ह लावला की लागलं पाहिजे. आणि ताईला पाठव." दादाने त्याआधी इंटरनेटवरून एक फुकट कन्व्हर्टर उतरवून पाहिला होता. त्याने पाच मिनिटांची फाइल करून तिच्या मधोमध स्वतःचं नाव छापलं आणि पुढच्यासाठी पैसे मागितले. म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं.

आधी वाचन

अशा कामात लोक पहिला प्रश्न विचारतात तो फॉरमॅटचा. फाइलीचा प्रकार एमपीफोर बरा की एमकेव्ही, व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत एच.264 की एच.265, क्वालिटी किती ठेवायची. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. रूपांतर पुन्हा करता येतं, आज करा नाहीतर पाच वर्षांनी. डिस्क मात्र दर वर्षी थोडी थोडी जात असते. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डीव्हीडी-आरमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, आणि तो थर उन्हाने, उष्णतेने आणि वयाने खराब होतो. कारखान्यात छापलेल्या सिनेमाच्या डिस्कला हा त्रास बराच कमी. त्यामुळे क्रम ठरवला तो असा: आधी घरगुती डिस्क, त्यांची बिट न् बिट नक्कल, म्हणजे आयएसओ इमेज. रूपांतर नंतर, आणि तेही इमेजवरून. डिस्क पुन्हा ड्राइव्हमध्ये घालायची वेळच येऊ नये.

डीव्हीडी उघडली की आत व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर दिसतो. त्यात व्हीओबी फाइली असतात, प्रत्येक 1 जीबीच्या आत कापलेली. सोबत आयएफओ, म्हणजे कुठे काय आहे याची अनुक्रमणिका, आणि तिचीच राखीव प्रत बीयूपी. पुष्कळ जण नुसत्या व्हीओबी उचलून एकापुढे एक जोडतात. चालतं कधी कधी, पण वेळेचे आकडे मध्येच शून्यावर येतात. मग फाइल दीड तासाची असून प्लेअर वीस मिनिटं दाखवतो, पुढे ओढली की भलतीकडेच जाते. मेन्यूची चित्रंही त्यात येऊन बसतात. अख्खी इमेज घेतली की अनुक्रमणिका सोबत येते आणि ही कटकट उरत नाही.

बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी रायटर दीड-दोन हजारांत मिळतो, तो आणला. शेजारच्यांच्या जुन्या डेस्कटॉपमधला एक ड्राइव्ह मागून घेतला. दोन ड्राइव्ह असणं ही चैन नाही. एका ड्राइव्हला न वाचता येणारी जागा दुसरा सहज वाचतो, हे पुढे दिसलंच. डिस्क पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं आणि चरा पडला, तर तो माहितीच्या वळणाच्या दिशेने जातो आणि सलग तुकडा घेऊन जातो. आडव्या चऱ्याला ड्राइव्हची दुरुस्ती-व्यवस्था बऱ्यापैकी पुरून उरते.

चांगल्या डिस्क विंडोजवर इमगबर्न या प्रोग्रॅमने विनातक्रार उतरल्या. लग्नाच्या संचातली तिसरी अडली.

वहिनीच्या माहेरची प्रत

डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. डीव्हीडीत 4.7 जीबी म्हणतात, ते 4.7 अब्ज बाइट. विंडोज त्यालाच 4.38 दाखवतं आणि लोकांना वाटतं काहीतरी हरवलं. स्टुडिओवाल्याने तिसरी डिस्क काठोकाठ भरली होती. काठोकाठ भरलेल्या जुन्या डिस्कची बाहेरची कडा सगळ्यात आधी जाते. लग्नाच्या डिस्कमध्ये बाहेरच्या कडेला काय असणार? पाठवणी. पंगत, उखाणे, सूनमुख सगळं नीट, आणि वहिनीच्या आईने तिला जवळ घेतलं की चित्र गोठणार.

इथे ग्नू डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचणारं सॉफ्टवेअर वापरलं, लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून. साधी कॉपी खराब जागेवर पोचली की तिथेच डोकं आपटत बसते. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचतंय ते सगळं उचलतं, अडलेली जागा टिपून पुढे जातं आणि शेवटी उरलेल्या ठिकाणी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. काय मिळालं, काय राहिलं याची नोंद ते एका मॅपफाइलमध्ये ठेवतं. काम मध्येच थांबवा, ड्राइव्ह बदला, तीच मॅपफाइल द्या, ते फक्त राहिलेल्या जागा वाचायला जातं. डीव्हीडीचा सेक्टर 2048 बाइटचा, तेवढा आकार सांगून द्यायचा.

यूएसबी ड्राइव्हने शेवटचा बराच पट्टा सोडला. डेस्कटॉपच्या जुन्या ड्राइव्हने त्यातलं पुष्कळसं भरून काढलं. तरी भोकं राहिलीच. डीव्हीडीत चूक दुरुस्त करण्याचा एक गट 16 सेक्टरांचा, म्हणजे 32 केबीचा असतो. तो गेला की सगळा जातो. साधारण 5 मेगाबिटच्या वेगाने भरलेल्या डिस्कवर 32 केबी म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. ऐकायला किरकोळ. पण एमपेग-2 मध्ये, म्हणजे डीव्हीडीवर व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत, प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण, आणि तिच्या आधाराने पुढच्या दहा-बारा. त्यामुळे एक भोक पडलं की अर्धा सेकंद चित्राचे चौकोन होतात.

तेव्हा आत्याच म्हणाली, "अरे, स्टुडिओवाल्याने एक संच व्याह्यांकडेही दिला होता ना." वहिनीचं माहेर कोल्हापूरचं. कुरिअरने त्यांची तिसरी डिस्क मागवली. तीही कडेला खराब होती, पण खराबी वेगळ्या जागी. आणि इथे डीडीरेस्क्यूची खरी कमाल आहे. दोन्ही डिस्क एकाच मूळ इमेजवरून जाळलेल्या असतील, तर सेक्टरला सेक्टर जुळतो. मग पहिल्या डिस्कची अर्धवट इमेज आणि तिचीच मॅपफाइल देऊन दुसरी डिस्क ड्राइव्हमध्ये घालायची. पहिलीत राहिलेली भोकं दुसरीतून भरली जातात.

पण जुळतात का, हे आधी तपासावं लागतं. स्टुडिओने दुसरा संच नंतर नव्याने एडिट करून दिला असेल तर भलत्याच जागी भलतं चित्र चिकटेल. दोन्हींतल्या फाइलींची यादी, त्यांचे आकार बाइटपर्यंत, तयार झाल्याची वेळ, सगळं सारखं निघालं. अनुक्रमणिकेच्या आयएफओ फाइलीही तंतोतंत एकच. त्यावर भरवसा ठेवून कोल्हापूरची डिस्क लावली. मॅपफाइलमधल्या राहिलेल्या जागा एकेक करून मिटत गेल्या, अखेरच्या थोड्या सोडून. पाठवणीत आता दोन ठिकाणी चित्र क्षणभर फाटतं, आवाज एकदा टक् करतो. वहिनीच्या आईंचा चेहरा पूर्ण दिसतो.

लग्नाचा संच दोन घरांत असतो ही आपल्याकडची पद्धत अशी उपयोगी पडली. कुणाच्या घरी असं काम निघालं तर माझा पहिला प्रश्न आता हाच असतो: दुसऱ्या बाजूकडे प्रत आहे का?

अक्षता आणि फील्डं

इमेज हातात आल्या, मग रूपांतर. त्यासाठी हँडब्रेक. फुकट, मुक्त स्रोताचं आणि जुनं, 2003 पासूनचं. आयएसओ फाइल थेट उघडतं. पण त्यातला हाताशी असलेला प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगांचा संच, निवडून बटण दाबलं की लग्नाच्या व्हिडिओचं वाटोळं होतं, ते का, हे सांगायला हवं.

त्या काळचे कॅमेरे इंटरलेस पद्धतीचे. एका फ्रेममध्ये दोन फील्डं असतात. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोन्हींच्या मध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग गेलेला असतो. जुना जाडा टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा, त्यामुळे हालचाल मऊ दिसायची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन्ही एकदम दिसली की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात येतात. मंगलाष्टकं संपताना अक्षता उडतात, ती फ्रेम थांबवून पाहा. प्रत्येक दाणा दोन जागी, मध्ये आडव्या रेघा. नवरदेव स्थिर उभा आहे म्हणून तो स्वच्छ, आणि त्याच्यावर पडणारी प्रत्येक गोष्ट चिरलेली.

डीइंटरलेस नावाचं फिल्टर हे दुरुस्त करतं. साध्या मोडमध्ये ते दोन फील्डांची एक फ्रेम करतं. दात जातात, पण हालचाल निम्म्यावर येते आणि नाच धक्क्याधक्क्याने दिसतो. बॉब मोडमध्ये प्रत्येक फील्डाची एक फ्रेम होते, सेकंदाला 50. फाइल थोडी मोठी होते, पण वरात वरातीसारखी दिसते. शिवाय हँडब्रेकच्या पुष्कळ प्रीसेटांत फ्रेमचा वेग 25 किंवा 30 वर अडवलेला असतो. तो मूळाप्रमाणे ठेवायला सांगितला नाही, तर बॉबने मिळवलेलं तिथे परत जातं. दोन मिनिटांचा नाचाचा तुकडा आधी करून पाहायचा, मगच रात्रभराला लावायचं.

पहिल्या दोन डिस्क अशा झाल्या. तिसरीतल्या स्वागत समारंभात मात्र काहीतरी वेगळंच बिनसलेलं. 50 फ्रेमची फाइल लावली तर माणसं थरथरत होती. प्लेअरमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलो. नाचणाऱ्या काकांचा वर जाणारा हात एका फ्रेमला वर, पुढच्या फ्रेमला खाली, मग त्याहून वर, मग पुन्हा थोडा खाली. काळ दोन पावलं पुढे आणि एक मागे चाललेला. हे फील्डांचा क्रम उलटा लागल्याचं हमखास लक्षण. कॅमेऱ्याच्या मिनीडीव्ही टेपवर खालचं फील्ड आधी असतं. एडिट करताना कुणीतरी तो भाग वरचं फील्ड आधी अशी खूण करून डिस्कवर टाकला होता.

आत्याला विचारलं तर म्हणाली, "ते पहिल्यापासून तसंच आहे. आम्हाला वाटलं कॅमेरावाला हलत होता." प्लेअरही डिस्कवरची खूणच पाळतो, त्यामुळे जुन्या टीव्हीवरही ते थरथरतच होतं. मग त्या भागाची मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने इमेजमधून मूळ एमपेग-2 तशीच एमकेव्हीत काढली आणि एफएफएमपेग या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये डीइंटरलेस करताना पॅरिटी 1 दिली, म्हणजे डिस्क काहीही सांगो, खालचं फील्ड आधी धर. थरथर गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर घरच्यांनी स्वागत समारंभ पहिल्यांदा स्थिर पाहिला. रूपांतरात दर्जा घटतोच असं सगळे म्हणतात, त्याला हा एक चांगला अपवाद.

बाकी निर्णय फारसे चर्चेचे नाहीत. एच.264 घेतलं, कारण आत्याचा टीव्ही जुना आहे आणि एच.265 ची फाइल लावली की नुसता आवाज येतो. घरगुती डिस्कला क्वालिटीचा आकडा 18, तो जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल जड. आकारमान वाढवून एचडी केलं नाही. 576 ओळींत जे नाही ते वाढवल्याने येत नाही. फाइलीचं वजन तेवढं येतं. रुंदीकडे मात्र लक्ष हवं. डीव्हीडीतले ठिपके चौरस नसतात. 720 बाय 576 चं चित्र 4:3 मध्ये 768 रुंद दिसायला हवं आणि 16:9 मध्ये 1024. हँडब्रेक हे आपोआप धरतं, काही फुकटे कन्व्हर्टर धरत नाहीत आणि मग सगळं वऱ्हाड अंमळ बारीक झालेलं दिसतं. तक्रार कुणी करत नाही, तो भाग वेगळा.

छोट्या डिस्क

हँडीकॅमच्या 8 सेंटिमीटरच्या डिस्क कॉम्प्युटरला कोऱ्या दिसत होत्या. दादा त्या टाकून द्यायच्या विचारात होता. डिस्क कोरी नव्हती, ती फायनलाइझ करायची राहिली होती. अशा कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग झालं की शेवटी डिस्क बंद करण्याची एक आज्ञा द्यावी लागते. तोवर ती फक्त त्याच जातीच्या कॅमेऱ्यात चालते. वाढदिवसाच्या गडबडीत ते कोण करणार! माळ्यावर कॅमेरा सापडला. बॅटरी मेलेली, पण ॲडॅप्टरवर सुरू झाला. त्यानेच एकेक डिस्क फायनलाइझ केली. एक डिस्क त्याने नाकारली. तिच्यातलं रेकॉर्डिंग आयसोबस्टरने शोधून बाहेर काढलं, कारण ते डिस्कवर अनुक्रमणिका नसली तरी आतला व्हिडिओ हुडकतं. छोट्या डिस्क तबक बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्येच घालाव्यात, तबकात त्यांच्यासाठी आतलं वर्तुळ असतं. फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घातल्या तर परत येतीलच असं नाही.

व्हीएचएसवरून उतरवलेल्या सहस्रचंद्रदर्शनाला काही करण्यासारखं नव्हतं. खालच्या कडेला फरफटणाऱ्या चारदोन ओळी असतात त्या कापल्या, एवढंच.

विकतच्या डिस्क

इथे मी हात आखडता घेतला. बहुतेक सिनेमे आज ओटीटीवर डीव्हीडीहून चांगल्या चित्रात मिळतात. त्यांच्यावर रात्री घालवण्यात अर्थ नाही. नाटकं मात्र बरीचशी कुठेच नाहीत, तेवढी घेतली.

कायद्याचं थोडं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 खाली खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी रास्त वापराची मुभा आहे. 2012 च्या दुरुस्तीने कलम 65ए आलं. ते डिस्कवरचं नक्कल रोखणारं कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने याहून कडक नियम आहेत. मी वकील नाही. घरची विकत घेतलेली डिस्क, घरच्या टीव्हीसाठी, इतपतच मी करतो. त्यामुळे ताईला लग्न गेलं, बारसं गेलं, नाटकं गेली नाहीत. ती थोडी नाराज आहे.

हँडब्रेक स्वतः कुलूप उघडत नाही. सीएसएस हे डीव्हीडीचं कुलूप 1999 मध्येच फुटलं, आणि आज व्हीएलसी प्लेअर त्या डिस्क सहज वाजवतो. कुलूप नसलेल्या नाटकांच्या डिस्कही निघाल्या, त्यांना काहीच करावं लागलं नाही. ताईने तिकडून आणलेल्या एका सिनेमाचा रिजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी याचा आकडा, 1 होता, आपला 5. ड्राइव्ह विचारतो, रिजन बदलू का? तो पाचदाच बदलता येतो, पुढे कायमचा अडकतो. नाही म्हटलं आणि डिस्क बाजूला ठेवली.

व्हीसीडींचं प्रकरण दुबळं. 2007 च्या सुमारास मोझर बेअरने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली, त्या लाटेत घरोघरी ढीग झाले. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288, म्हणजे डीव्हीडीच्या पाव. शिवाय डीव्हीडीत माहितीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, सीडीत तो लेबलच्या लगेच खाली. लेबलवर नख लागलं तरी चांदी निघते. एकेक डिस्क ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली, जिथे टाचणीएवढा उजेड आरपार आला तिथे माहिती गेलेली. आत्याने त्यातल्या दोन-तीनच निवडल्या.

टीव्हीपर्यंत

शेवटची अडचण पेनड्राइव्हची निघाली. तो फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्यात 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. रूपांतर केलेल्या फाइली दोन-अडीच जीबीच्या, त्या बसल्या. एका नाटकाची मूळ एमकेव्ही तशीच ठेवली होती, ती अडली. एक्सफॅट केला तर टीव्ही ओळखेना, एनटीएफएस केल्यावर ओळखला. फाइलींची देवनागरी नावं टीव्हीवर चौकोन चौकोन दिसली, म्हणून नावं रोमनमध्ये केली आणि सुरुवातीला साल घातलं, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

ताईसाठी दादाने लग्नाचा व्हिडिओ यूट्यूबवर खाजगी ठेवून चढवला. स्टुडिओने मागे सिनेमाची गाणी घातलेली असल्याने लगेच हक्काची नोटीस आली. मग गूगल ड्राइव्हची लिंक पाठवली.

घरगुती डिस्कच्या सगळ्या इमेज जपून ठेवल्या. त्या दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक नाशिकला, एक माझ्याकडे पुण्यात. तिसऱ्या डिस्कची मॅपफाइलही इमेजसोबत ठेवली आहे. स्टुडिओवाल्याकडे मूळ टेप असेल का, हे दादा विचारून येणार आहे.